चादरीच्या दोन्ही बाजूंना

*अलीकडे*

शेवटी सिनेमाच्या पडद्यासाठी चादर दारातच टांगायची ठरली. ओतकामाच्या खोलीतल्या चारही भिंती साच्यांच्या फळ्यांनी भरलेल्या, आणि बसायच्या खोलीतल्या शेगडीपासून बाबांना उठवायची कुणाची छाती नव्हती. म्हणून आईनं दोन खोल्यांमधल्या दाराच्या चौकटीला चादर ठोकली. लग्नात माहेरून आणलेली चादर. धुऊन धुऊन इतकी विरलेली, की तिच्याआडून वर्तमानपत्र वाचता यावं.

"आम्ही दोघं शेगडीजवळच बसतो," आई पलीकडून म्हणाली. "इकडूनही दिसतंय की."

"उलटं दिसेल, आई."

"जन्मभर उलटं कोरणाऱ्या माणसाशी संसार केलाय मी. मला काय त्याचं?"

बाबा हसले आणि हसण्याचा खोकला झाला. आज त्यांची सत्तरी होती. खोलीत अजून आलुबुखारच्या केकचा वास होता, आणि त्याखाली या घरातला कायमचा वास, वितळलेल्या कथलाचा. फ्युर्टमधल्या त्या गल्लीत दर तिसऱ्या घरात कथलाचे शिपाई ओतले जायचे, पण पाटीच्या दगडात साचा कोरावा तर बाबांनी, लेओनहार्ड डोर्नाउअरनंच, असं बाकीचे ओतणारेही मान्य करायचे. तोंडावर नाही, बिअर प्यायल्यावर.

लोनीनं खिडक्यांची दारं लावून घेतली. अलीकडच्या बाजूला चांगल्या खुर्चीवर फोल्कमार बसला होता, कोटाच्या कॉलरवरचा पक्षाचा बिल्ला प्रत्येकाला दिसेल असा. तो भावजयीचा, म्हणजे थेक्लाचा, थोरला भाऊ. बर्लिनच्या त्या नव्या प्रचारखात्यात चिकटल्यापासून तो इथं पाहुणा म्हणून यायचा बंद झाला होता, आता तो भेट द्यायचा. त्याच्या एका बाजूला थेक्ला, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा, लोनीचा धाकटा भाऊ एर्हार्ड, नवा टाय बांधून.

"करा सुरू, फ्रॉइलाइन लोनी," फोल्कमार म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीनं डबा माझ्याबरोबर जायला हवा. उद्या साहेबलोक बघतील, परवा तुमचं कार्ड."

ते कार्ड. ते नसेल तर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फीत धुऊन घ्यायची नाही, थिएटरवाल्याशी बोलायचंसुद्धा नाही. लोनीचा पवनचक्कीतल्या राक्षसाचा मोठा चित्रपट अर्धवट होऊन बर्लिनच्या पोटमाळ्यावर पेट्यांत पडला होता. साबणाच्या, चॉकलेटच्या, बुटांच्या पॉलिशच्या जाहिराती करून करून तिनं त्याच्यासाठी वेळ काढला होता. नाचणारे ब्रश, पळून जाणारे बूट. कागदाचे तुकडे काचेवर ठेवायचे, केसभर सरकवायचे, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायचे. लोक थिएटरात हसायचे तेव्हा ती मागच्या रांगेत उभी राहून फक्त पडद्यावरच्या चुका बघायची.

आणि आता ही दोन मिनिटांची फीत. नाताळच्या आधी सगळ्या थिएटरांत दाखवायची, मुलांसाठी. कथलाचे शिपाई खोक्यातून उठतात, रांगेत चालतात, प्रेक्षकांकडे तोंड करतात, आणि हात वर करतात. बस एवढंच. तिनं ते काम घेतलं होतं. नाक दाबून घेतलं होतं, पण घेतलं होतं.

ती प्रोजेक्टरचा दांडा फिरवू लागली.

खोकं. झाकण हललं. एक टोपी वर आली. खाली गेली. पुन्हा वर. थेक्ला खुदकन हसली. ढोलवाला बाहेर पडला, धडपडला, सावरला. मागून सगळे. चाल. चाल. चाल. वळले. समोर बघू लागले. आणि हात वर.

लोनीच्या हाताला दांडा फिरवायची सवय होती म्हणून तो फिरत राहिला.

डावा. सगळ्यांचा डावा.

*पलीकडे*

बाबेट डोर्नाउअरला सिनेमाचं फार नव्हतं, पण हे शिपाई तिच्या ओळखीचे होते. हा जाड्या ढोलवाला तर थेट नवऱ्याच्या हातचा. फक्त तो कागदाचा झाला होता आणि चालायला शिकला होता. लहानपणी लोनी खिडकीच्या कट्ट्यावर मोडके शिपाई तासन्‌तास सरकवत बसायची, एकेक बोट पुढे, आणि म्हणायची, 'आई, डोळे मीट. आता उघड. चालला की नाही?' भाजी करपायची. आणि आता बघा.

शिपायांनी वळून उजवा हात वर केला. कवायतीच्या मैदानात करतात तस्साच.

"अगं बाई, किती झोकात!" असं म्हणून बाबेटनं टाळ्या वाजवल्या.

तिच्या एकटीच्याच टाळ्या. चादरीच्या त्या बाजूनं आवाज नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पुढे झुकून, डोळे बारीक करून चादरीकडे बघत होता. दगड कोरून झाला की शेवटचं बघायचा तसा.

"काय हो, आवडलं नाही का त्यांना?"

"इकडून चांगलं दिसतंय," लेओनहार्ड पुटपुटला. "म्हणजे तिकडून बोंबच असणार."

*मधे*

दिवा लागला. एर्हार्डनं लावला, बटण त्याच्या खुर्चीमागेच होतं.

"डावा," फोल्कमार म्हणाला. फार हळू म्हणाला.

"उजवा!" चादरीमागून आईचा आवाज. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"डावा आहे, आई," एर्हार्ड ओरडला.

"तू ओरडू नकोस माझ्यावर. वाढदिवस आहे आज."

"तलवारीपण उजव्या कमरेला आहेत," थेक्ला म्हणाली. तिचं सगळं आयुष्य शिपायांना गुंड्या रंगवण्यात गेलं होतं. हे तिच्या नजरेतून सुटणारच नव्हतं. "आणि कोट बायकांसारखे डावीकडे लागलेत. अगं लोनी, हे काय केलंस?"

फोल्कमारच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ही चेष्टा आहे का? सगळ्या देशातल्या पोरांना डावा हात वर करायला शिकवायचं? मी तुमच्यासाठी शब्द टाकला. कुणाकुणाच्या दारात उभा राहिलो!"

लोनी खाली प्रोजेक्टरकडे बघत होती. चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर तिला इतकी लाज वाटली नसती. तिला खरंच दिसलं नव्हतं. पोरवयापासून ती बाबांना कागदी नमुने कापून द्यायची. दगडात कोरायचं ते उलटंच लागतं, म्हणजे ओतलेला शिपाई सुलटा येतो. त्यामुळे तिची कात्री उलटंच कापायला शिकली होती. तिच्या डोळ्यांना तलवार उजवीकडे असणं हेच सरळ वाटायचं. मग इतकी वर्षं साबणाच्या नि बुटांच्या जाहिरातींत हे कुणालाच कसं दिसलं नाही?

आणि मग तिला आठवलं.

लेओ मार्कवाल्ड. तिचा कॅमेरा, तिचे दिवे, तिच्या फितीच्या प्रती, सगळं बघणारा. अगदी पहिल्या फितीच्या वेळी तो म्हणाला होता, 'लोनी, तुझी सगळी माणसं डावखुरी आहेत.' ती कामात होती. 'मग तू कर सुलटी,' म्हणाली होती. तेवढंच. पुन्हा विषय निघाला नव्हता. प्रत काढताना तो दर वेळी फीत पालथी घालत असणार, न सांगता, दार उघडं दिसलं की लावून घेणाऱ्या माणसासारखा. गेल्या वर्षी त्याचं कार्ड काढून घेतलं. तो ज्यू आईच्या पोटी जन्मला, एवढ्यावरून. आता तो बर्लिनच्या मोआबिट भागात एका तळघरात लोकांचे रेडिओ दुरुस्त करत होता, आणि प्रत काढणारा नवा पोरगा फीत सरळ घालत होता.

थेक्ला उठून चादरीची कड उचलून पलीकडे गेली होती. "एकदा परत दाखव गं, शेवटचंच." एर्हार्डनं दिवा घालवला, लोनीनं शेवटचं दाखवलं. "इकडून बरोबर दिसतंय! फोल्कमार, इकडून सगळं बरोबर आहे!"

"म्हणजे झालं तर," एर्हार्डनं मोठा श्वास सोडला. "फीत पालथी घालून नवी प्रत काढायची. लोनी, निघते ना तशी?"

"निघते."

"मग सोडा ना विषय! एका पालथ्या फितीसाठी सगळ्यांचा जीव टांगणीला." तो खरंच हसत होता बिचारा. याच शिपायांची कथलाची फौज नाताळात दुकानांत जाणार होती. साचा बाबा कोरणार, ओतकाम तो करणार. दोन वर्षांनी पहिल्यांदा भट्टी रोज पेटणार होती.

फोल्कमार शांत झाला. रुमालानं कपाळ पुसून तो म्हणाला, "ठीक आहे. चूक माणसाकडूनच होते. बर्लिनला आमचा माणूस फीत उलटवून घेईल. निगेटिव्ह डब्यात आहे ना?"

"आहे," लोनी म्हणाली. "पण ते काम मार्कवाल्डचं आहे."

"कुणाचं?"

"माझी फीत सुलटी करायचं काम. पहिल्यापासून त्याचंच आहे. सुलटी हवी असेल तर त्याला बोलवा. आणि सुरुवातीला माझ्या नावाखाली त्याचं नाव घाला, पूर्वी असायचं तसं."

एर्हार्डनं हातातला कप बशीत ठेवला.

"लोनी," एर्हार्ड दातांतून म्हणाला, "आत्ता नको."

"मग कधी? गेल्या वर्षी म्हणालास आत्ता नको. ईस्टरला म्हणालास आत्ता नको."

"तो माणूस आता नाहीये," फोल्कमार म्हणाला. समजूत घालताना वापरतात त्या आवाजात. "आमच्या यादीत नाही, म्हणजे नाही. तुमच्या फितीतही नाही."

"तो नाहीये म्हणूनच तर तुमचे शिपाई डावखुरे झालेत. दिसलं ना सगळ्यांना?"

"पोरगी खरं बोलतेय," चादरीमागून बाबा.

"तुम्ही गप्प बसा हो," आई म्हणाली, मग जरा थांबून, "बोलतेय मात्र खरं."

फोल्कमार उठला. कोट खाली ओढला. "फीत खात्याची आहे, फ्रॉइलाइन. तुमची नाही, आणि त्या रेडिओवाल्याची तर नाहीच नाही. मी एर्हार्डबरोबर कोपऱ्यावर बिअर प्यायला बसतो, गाडीच्या वेळेला येतो. तोवर डबा बांधून ठेवा. कार्ड हवंय ना? मग डोकं थंड करा." दारात वळून तो बहिणीला म्हणाला, "थेक्ला, लक्ष ठेव जरा. तेवढं तरी जमेल ना तुला?"

*अलीकडे*

पुरुष गेले. लोनीनं खिडकीची दारं उघडली. बाहेर सप्टेंबरातलं तिरपं, पिवळं ऊन होतं, आणि बाबांचा कोरायचा ओटा नेमका त्या उन्हात होता. साठ वर्षांपूर्वी आजोबांनी तो त्यासाठीच तिथं बसवला होता.

डब्यात दोन गुंडाळ्या, निगेटिव्ह आणि प्रत. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. जाळून टाकावी? भट्टी चार पावलांवर होती. पण जळलेली फीत काहीच बोलत नाही. मार्कवाल्ड नाही, हे तर ते म्हणतच होते. फीतही नाही म्हटल्यावर त्यांचंच काम सोपं.

तिनं बाबांची सगळ्यांत बारीक कोरणी उचलली.

"ती नको," बाबा म्हणाले. चादरीची कड धरून ते आत आले होते, शाल पांघरून. "ती दगडाची. फितीवर घसरेल. ती हाडाच्या मुठीची घे." मग जरा वेळानं, "काय कोरायचंय?"

"नाव."

"कुठं?"

"संचलनावर. चालणाऱ्या पायांच्या खाली, प्रत्येक चौकटीत. सुरुवातीला कोरलं तर तेवढं कापून टाकतील. संचलन कापलं तर उरतंय काय? नुसतं खोकं."

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं, फीत उजेडात धरली. एकेक चौकट अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. त्यांनी आयुष्यभर याहून लहान जागेत घोड्यांच्या नाकपुड्या कोरल्या होत्या.

"ते पालथी घालून बघणार," ते म्हणाले. "तू सरळ कोरलंस तर त्यांना ते उलटं दिसेल. वाचता येणार नाही."

"म्हणून पहिला अर्धा मी सरळ कोरते. दुसरा..."

"दुसरा मी," बाबा म्हणाले. "उलटं मला सोपं पडतं. सरळ लिहायचं म्हटलं की विचार करावा लागतो."

दोघं ओट्याच्या दोन बाजूंना बसली. मा. र्क. वा. ल्ड. पुढची चौकट. मा. र्क. वा. ल्ड. काळ्या लेपाचा बारीक भुगा कोरणीच्या टोकाशी उडायचा, आणि बाबा तो सवयीनं फुंकायचे. लोनीला वाटलं, लहानपणी आपण कागद कापायचो तेव्हाही असंच होतं. बोलायचं असेल ते हातांनी.

थेक्ला कपबशा विसळत होती. विसळायचं थांबलं. ती हात पुसत ओट्याजवळ आली, वाकली, वाचलं.

"लोनी. वेडी झालीस?"

"सांग त्याला. तुला लक्ष ठेवायला सांगितलंय."

"त्याची नोकरी जाईल! आणि एर्हार्डचं काम? नाताळात आम्ही काय ओतायचं, मेणबत्त्या?"

"मी साचा कोरणार नव्हतोच," बाबा मान वर न करता म्हणाले. "दगड एर्हार्डनं आणून ठेवलाय. तीन आठवडे बघतोय मी त्या दगडाकडे. हात उचलत नाही."

"मग आधी का नाही बोललात?"

"कुणी विचारलं?"

थेक्ला पुन्हा वाकली, या वेळी बाबांच्या हाताखाली. "हा 'र्क' नीट दिसत नाहीये," ती शेवटी म्हणाली. "चाकात अडकल्यासारखा दिसतोय." आणि परत कपबशांकडे गेली, पण पाण्याचा आवाज काही आला नाही.

लोनीनं मान वळवून पाहिलं. थेक्ला बसायच्या खोलीत, चादरीच्या पलीकडे, आईच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली होती.

*अलीकडे, पलीकडे*

फोल्कमार परत आला तेव्हा त्याच्या श्वासाला बिअरचा वास होता आणि मूड चांगला होता. "डबा?"

"एकदा बघून घ्या," लोनी म्हणाली. "सही तुमची होणार आहे. नंतर म्हणाल, मला दाखवलं नाही."

"पुन्हा कशाला?" एर्हार्ड म्हणाला. बहिणीचा चेहरा त्याला लहानपणापासून ठाऊक होता. तो चेहरा आता फार शांत होता. "लोनी, कशाला?"

"बस, एर्हार्ड. दिवा घालव."

त्यानं घालवला. खिडक्या मिटल्या. दांडा फिरला.

खोकं. झाकण. टोपी वर, खाली, वर. या वेळी कुणी हसलं नाही. ढोलवाला. चाल. चाल. आणि पायांखाली काहीतरी पांढरं थरथरलं, जणू धुळीला अक्षरं फुटली. प्रत्येक चौकटीत हाताचा केसभर फरक, त्यामुळे नाव स्थिर राहीना. ते नाचत होतं, धावत होतं, बुटांच्या आत-बाहेर करत होतं. शिपाई चालत होते आणि नाव त्यांच्यापेक्षा जास्त जिवंत होतं.

मार्कवाल्ड.

फोल्कमार वाचू शकत होता. त्याचे ओठ हलले.

मग अक्षरं पालटली. या बाजूनं नुसती वळवळ, पण पलीकडून आईचा आवाज आला, मोठ्यानं, चर्चमध्ये प्रार्थना म्हणतात तसा सुटा सुटा, "मार्क... वाल्ड." आणि तिच्याबरोबर थेक्लाचा.

"बंद करा," फोल्कमार म्हणाला. "बंद करा ते! एर्हार्ड, दिवा!"

एर्हार्डचा हात बटणावर होता. लोनीला तो प्रोजेक्टरच्या सांडलेल्या उजेडात दिसत होता.

"निगेटिव्ह माझ्याकडे द्या," फोल्कमार म्हणाला. "दुसरी प्रत काढू."

"निगेटिव्हवरही आहे," लोनी म्हणाली. दांडा फिरतच होता. शिपाई वळले होते, हात वर जात होते. "आधी त्याच्यावरच कोरलं. मी आणि बाबांनी."

"म्हातारपणी काहीतरी चांगलं काम करावं म्हटलं," बाबा अंधारातून म्हणाले.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? फ्रॉइलाइन, तुम्ही या देशात पुन्हा एक चौकटसुद्धा टिपणार नाही. एक चौकटसुद्धा! एर्हार्ड, मी शेवटचं सांगतोय, दिवा लाव!"

पवनचक्कीतला राक्षस. पेट्या. पोटमाळा. ते सगळं लोनीच्या डोळ्यांसमोरून गेलं, तेही केसभर केसभर सरकत. ती थांबली नाही. फीत संपत आली होती, तिनं दांडा उलटा फिरवला. हात खाली आले, शिपाई पाठमोरे चालू लागले, नाव परत आलं.

एर्हार्डनं बटणावरचा हात काढला. खिशात घातला. कुठला हात, ते लोनीनं पाहिलं नाही.

फोल्कमार दोन ढांगांत दाराशी पोचला आणि त्यानं चादर ओढली. आईनं ठोकलेले खिळे ताडताड निघाले. ती जुनी चादर मधोमध फाटली आणि त्याच्या खांद्यावर, बिल्ल्यावर पडली.

*चादर नाही*

उजेडाला अडवायला काही उरलं नाही. तो दारातून आरपार बसायच्या खोलीत गेला. शेगडीवर, थेक्लाच्या चेहऱ्यावर, खुर्चीच्या पाठीवर अक्षरांचे तुकडे सांडले; लांब गेल्यामुळे मोठे, पुसट. वाचता येण्यासारखं काहीच नव्हतं.

लोनीनं दांडा पुन्हा सरळ फिरवला.

मग आई उठली. सत्तरीच्या केकसाठी तिनं सकाळीच इस्त्रीचा पांढरा एप्रन बांधला होता. ती दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली, फोल्कमारपासून हातभर अंतरावर, आणि एप्रनची दोन टोकं दोन्ही हातांत धरून तिनं तो ताणला, वाळत घालायच्या कपड्यासारखा, सुरकुती राहू नये असा.

नाव तिच्या पोटावर येऊन उभं राहिलं. स्वच्छ, थरथरतं.

"इथं नीट दिसतंय का गं?" आईनं विचारलं.

"जरा डावीकडे," लोनी म्हणाली, आणि फिरवत राहिली.